मेडिक्लेमचा हप्ता आणि इन्कम टॅक्स: तारनाक्याच्या मुलाचा हिशेब आणि आपला हिशेब



शिमगा झाला. होळीची बोंब थांबली आणि बंदरावर आता मार्चअखेरची बोंब सुरू झाली आहे. बँकेचा हप्ता, सोसायटीची बाकी, इंजिनाचं काम, आणि त्यातच मेडिक्लेमचे एजंट. "नाखवा, ३१ मार्चच्या आत पॉलिसी घ्या, सरळ पंचवीस हजार टॅक्स वाचतो." हे वाक्य गेल्या पंधरा दिवसांत आपल्या चार-पाच सभासदांनी ऐकलं आणि ते संस्थेच्या ऑफिसात विचारायला आले. खरंच वाचतो का?

उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून ही मोठी पोस्ट. चहा घेऊन बसा. घरात मोठी मुलं असतील तर त्यांनाही वाचायला द्या, कारण त्यांच्याही कामाचं आहे.

आपल्या एका सभासदाचा मुलगा हैदराबादला तारनाक्याला राहतो. त्याच्या परवानगीनं, नाव न टाकता, त्याचाच हिशेब इथे मांडतो. तारनाका उस्मानिया विद्यापीठाला लागून, उप्पलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. राष्ट्रीय पोषण संस्था तिथे, रसायनांवर काम करणारी मोठी सरकारी संस्था तिथे, आणि पेशींवर संशोधन करणारी आणखी एक संस्था पुढे हबसीगुड्याला. अशा ठिकाणच्या प्रयोगशाळांमधली यंत्रं दुरुस्त करायचा या पोराचा स्वतःचा धंदा आहे. नोकरी नाही, पगार नाही. काम आलं तर पैसे, नाही आलं तर नाही. आपल्यासारखंच, फक्त पाण्याबाहेर.

तो एक गोष्ट सांगतो ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. तारनाक्याला त्याच्या आजूबाजूला राहणाऱ्या नोकरदारांची दवाखान्याची सोय ठरलेली आहे. तिकडच्या एसटीवाल्यांसाठी तारनाक्यातच आरटीसीचं हॉस्पिटल. रेल्वेवाल्यांसाठी जवळच लालागुड्याला रेल्वेचं हॉस्पिटल. सरकारी संस्थांतल्या लोकांना सरकारी सोय. यालाच काही नाही. "सगळ्यांची यंत्रं मी दुरुस्त करतो, पण मी बिघडलो तर कुठे जायचं ते मलाच बघावं लागतं," असं तो म्हणाला. म्हणून त्यानं स्वतःचा, बायकोचा आणि मुलीचा मेडिक्लेम घेतला. हप्ता वर्षाला २१,००० रुपये. गावी असलेल्या आई-बाबांचा वेगळा घेतला, त्याचा हप्ता ४३,०००. बाबा ६६ वर्षांचे, आई ६१.

शिमग्याला तो गावी आला तेव्हा सगळे कागद घेऊन आपल्या ऑफिसात बसला. त्याला वाटत होतं की ६४,००० रुपये हप्ता भरलाय, म्हणजे तेवढा टॅक्स कमी होणार. इथूनच सुरुवात करू, कारण नव्वद टक्के गोंधळ इथेच आहे.

इन्कम टॅक्सच्या कायद्यात कलम ८०-डी आहे. मेडिक्लेमचा हप्ता भरला तर तेवढी रक्कम तुमच्या उत्पन्नातून वजा होते. नीट वाचा: उत्पन्नातून, टॅक्समधून नाही. म्हणजे २५,००० ची वजावट मिळाली आणि तुमचं उत्पन्न वीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर टॅक्स वाचतो ५,००० आणि वर चार टक्के सेस धरून ५,२००. पाच टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर १,३००. तीस टक्क्यांत असाल तर ७,८००. एजंट सांगतो ते "पंचवीस हजार" यातलं कुठलंच नाही.

मधल्या काळात अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकाचा एक मेसेज ग्रुपवर फिरत होता की स्वतःचा धंदा असणाऱ्याला विम्याचा पूर्ण हप्ता माफ आणि वर सरकार क्रेडिट देतं. तो मेसेज खोटा नाही, पण तो तिकडचा आहे. तिकडे धंदेवाल्याला स्वतःच्या आरोग्य विम्याचा हप्ता धंद्याच्या नफ्याच्या मर्यादेत वजा करता येतो, आणि ठरावीक उत्पन्नापर्यंतच्या लोकांना हप्त्यासाठी टॅक्समध्ये क्रेडिट मिळतं. क्रेडिट म्हणजे टॅक्सच्या रकमेतूनच थेट कपात. आपल्याकडे मेडिक्लेमच्या हप्त्यावर असं क्रेडिट नाही. आपल्याकडे आहे ती फक्त वजावट, आणि तिलाही मर्यादा आहे.

मर्यादा अशी. स्वतः, नवरा किंवा बायको आणि अवलंबून असलेली मुलं, या सगळ्यांचा मिळून २५,००० पर्यंत हप्ता. यांच्यापैकी विमा असलेला कुणी ६० किंवा त्याहून मोठा असेल तर ५०,०००. आई-वडिलांचा हप्ता तुम्ही भरत असाल तर त्याची वेगळी २५,००० ची मर्यादा, आणि ते ६० च्या पुढचे असतील तर ५०,०००. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असलेच पाहिजेत असंही नाही. बाबा अजून बोट चालवतात, कमावतात, तरी मुलानं हप्ता भरला तर मुलाला वजावट मिळते. लग्न झालेल्या मुलीनं आपल्या आई-वडिलांचा भरला तर तिलाही मिळते. मात्र सासू-सासऱ्यांचा भरला तर नाही, भावा-बहिणीचा भरला तरी नाही. सुनेनं सासूचा हप्ता भरायचा आणि कायद्यानं तो मोजायचा नाही, हे आम्हालाही पटत नाही, पण कायदा तसा आहे. अशा घरात मुलाच्या खात्यातून हप्ता गेलेला बरा.

या हिशेबानं तारनाक्याच्या मुलाची वजावट बसते: स्वतःच्या घराचे २१,००० आणि आई-बाबांचे ४३,०००, मिळून ६४,०००. दोन्ही मर्यादेच्या आत.

पण यात एक मोठा "पण" आहे.

८०-डी ची वजावट फक्त जुन्या कर-पद्धतीत मिळते. २०२३-२४ या वर्षापासून नवी पद्धत आपोआप लागू होते. तुम्ही काही न करता रिटर्न भरलं तर तुम्ही नव्या पद्धतीत आहात, आणि नव्या पद्धतीत मेडिक्लेमच्या हप्त्याची एक रुपयाही वजावट नाही. एलआयसीची नाही, मुलांच्या शाळेच्या फीची नाही, काही नाही. त्या बदल्यात दर कमी आहेत.

मग जुनी पद्धत घेऊन वजावट मिळवावी का? आम्ही कागदावर मांडलं. त्याचं खरं उत्पन्न इथे लिहीत नाही, समजायला सोपं म्हणून धंद्याचा निव्वळ नफा १५ लाख धरतो. वर्ष चालू, म्हणजे २०२५-२६.

नव्या पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के, १२ ते १६ वर १५ टक्के. १५ लाखांवर टॅक्स होतो १,०५,०००, सेस धरून १,०९,२००.

जुन्या पद्धतीत आधी वजावटी काढू. मेडिक्लेमचे ६४,०००, आणि एलआयसी-पीपीएफ मिळून ८०-सी चे पूर्ण दीड लाख धरले. उरले १२,८६,०००. त्यावर जुन्या दरानं टॅक्स १,९८,३००, सेससह २,०६,२३२.

म्हणजे ६४,००० ची वजावट पदरात पाडून घ्यायला गेला, तर टॅक्स ९७,०३२ रुपयांनी वाढला! मुलगा आकड्याकडे दोन मिनिटं बघत बसला. मग त्यानं विचारलं, अजून वजावटी जोडल्या तर? जोडून बघितल्या. १५ लाखांच्या नफ्यावर जुनी पद्धत नव्या पद्धतीची बरोबरी करायला एकूण ५,३७,५०० रुपयांच्या वजावटी लागतात. ८०-सी चे दीड लाख, घराच्या कर्जाच्या व्याजाचे २ लाख, एनपीएसचे ५०,००० आणि मेडिक्लेमची कमाल मर्यादा १ लाख, एवढं सगळं पूर्ण भरलं तरी बेरीज ५ लाखच होते.

आता त्याच्या बाबांचा, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांचा हिशेब. बोटीचा निव्वळ नफा समजा ७ लाख. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट असल्यामुळे टॅक्स शून्य. जुन्या पद्धतीत, वय ६० च्या वर असल्यानं पहिले ३ लाख सोडून, ५२,००० टॅक्स. ४३,००० चा हप्ता स्वतः भरून वजावट घेतली तर ४३,०५६. तिकडे शून्य, इकडे त्रेचाळीस हजार. वजावटीचा विषयच संपला. (जमीन किंवा शेअर विकून त्या वर्षी पैसे आले असतील तर त्या नफ्यावर वेगळे दर लागतात आणि ही सूट त्या टॅक्सला लागत नाही. त्यांनी सीएला विचारूनच पुढे जावं.)

म्हणून आमचं स्पष्ट मत: ज्याचा नफा १२ लाखांच्या आत आहे त्याला "टॅक्स वाचेल" म्हणून कुणी मेडिक्लेम विकत असेल, तर तो नसलेलं म्हावरं विकतोय. मेडिक्लेम घ्या, जरूर घ्या, पण हॉस्पिटलसाठी घ्या.

आता धंदेवाल्यांसाठी जुन्या-नव्याचा एक फास आहे, तो नोकरदारांना नाही. नोकरी करणारा माणूस दरवर्षी आपल्याला परवडेल ती पद्धत निवडू शकतो. आपलं तसं नाही. धंद्याचं उत्पन्न असलेल्याला जुनी पद्धत हवी असेल तर रिटर्नच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. तो भरला की पुढच्या वर्षीही तुम्ही जुन्यातच राहता. परत नव्यात यायचं तर तोच फॉर्म पुन्हा भरून बाहेर पडायचं, आणि एकदा बाहेर पडलात की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुन्यात जाता येत नाही. दार एकदाच उघडतं.

यातून आपल्या दोन सभासदांची गंमत झाली, म्हणजे त्यांना काही गंमत वाटली नाही. दोन वर्षांपूर्वी रिटर्न भरून देणाऱ्यानं त्यांच्या नावानं १०-आयईए भरून ठेवला होता. तेव्हा गृहकर्ज होतं, हिशेब जुळत होता. आता कर्ज संपलं, नव्या पद्धतीत टॅक्स शून्य झाला असता, पण फॉर्म तसाच उभा. त्यामुळे या वर्षी रिटर्न भरणाऱ्याला आधी एकच प्रश्न विचारा: "माझ्या नावावर १०-आयईए आहे का?" पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्ये भरलेले फॉर्म दिसतात.

खरी बचत कुठे झाली ते सांगतो, आणि तिच्याबद्दल एजंट फारसं बोलत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. आधी १८ टक्के होता. तारनाक्याच्या मुलाच्या आई-बाबांच्या ४३,००० च्या हप्त्यावर आधी ७,७४० रुपये जीएसटी लागला असता, एकूण ५०,७४०. आता तो नाही. हे पैसे तुमची पद्धत जुनी असो की नवी, रिटर्न भरा की न भरा, सगळ्यांचे वाचतात. नूतनीकरणाची नोटीस आली की त्यात जीएसटीचा रकाना शून्य आहे ना, आणि मूळ हप्ता गुपचूप वाढवलेला नाही ना, हे दोन्ही बघा. गटविम्याला ही माफी नाही, तिथे १८ टक्के अजून लागतो. संस्थेमार्फत सगळ्यांचा एक गटविमा घ्यावा अशी सूचना गेल्या सभेत आली होती, तिचा विचार करताना हा आकडा धरावा लागेल.

ज्यांचा हिशेब जुन्या पद्धतीतच बसतो असे थोडे लोक आहेतच. त्यांच्यासाठी पैसे भरण्याची पद्धत सर्वात महत्त्वाची. हप्ता रोखीनं भरला तर वजावट मिळत नाही. आपला सगळा व्यवहार लिलावाच्या रोख पैशावर चालतो, एजंट घरी येतो, आपण नोटा मोजून देतो, तो पावती देतो. पावती खरी असते, पण ८०-डी साठी तिचा उपयोग नाही. चेक, यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग, काहीही चालेल. फक्त आरोग्य तपासणीचे ५,००० पर्यंतचे पैसे रोख दिले तरी चालतात, आणि तेही वरच्या मर्यादेच्या आतच मोजतात, वेगळे नाहीत.

दुसरी अडचण तारनाक्याच्या मुलाचीच. पहिल्या वर्षी त्यानं बाबांच्या खात्यात पैसे पाठवले आणि बाबांनी आपल्या खात्यातून हप्ता भरला. घरात सगळं एकच, पण कायद्याच्या नजरेत हप्ता बाबांनी भरला. वजावट भरणाऱ्याला. दोघं भाऊ मिळून भरत असतील तर ज्यानं जेवढे भरले तेवढेच त्याला दाखवता येतात, तीच रक्कम दोघांनी दाखवायची नाही. दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला तर वजावटही तेवढ्या वर्षांत वाटून घ्यावी लागते. आणि रिटर्नमध्ये आता विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर द्यावा लागतो, नुसता आकडा टाकून भागत नाही. अपघात विम्याचा हप्ता ८०-डी मध्ये येत नाही. बोटीच्या विम्याचा तर प्रश्नच नाही, तो धंद्याचा खर्च आहे.

धंद्याच्या खर्चावरून आठवलं. काही जण घरच्या मेडिक्लेमचा हप्ता बर्फ, डिझेल आणि रेशनच्या यादीत घालून बोटीच्या खर्चात दाखवतात. तो तुमचा स्वतःचा खर्च आहे, बोटीचा नाही. तिथे तो चालणार नाही.

पण खलाशांचा चालतो. मालकानं आपल्या खलाशांसाठी आरोग्य विमा घेतला आणि हप्ता रोख न देता बँकेतून भरला, तर तो धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो. ही ८०-डी ची वजावट नव्हे, म्हणून तिला २५,००० ची मर्यादा नाही, आणि नव्या पद्धतीतही ती मिळते. बोटवाल्यासाठी आरोग्य विम्याची खरी वजावट असेल तर ती इथे आहे. त्यासाठी खलाशांची नावं हिशेबात आणि बोटीच्या नोंदीत असायला हवीत. आपल्याकडे खलाशी पगारापेक्षा वाट्यावर जास्त असतात, त्यामुळे त्यांचा वाटा हिशेबात कसा दाखवायचा ते सीएबरोबर बसून आधी ठरवा. आणि जे कलम ४४-एडी खाली उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, एवढा अंदाजे नफा दाखवून रिटर्न भरतात त्यांना हा खर्च वेगळा दाखवता येत नाही. तिथे सगळा खर्च त्या अंदाजात आलाच असं धरतात.

अजून एक गैरसमज बंदरावर जोरात आहे. २२ एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. तेव्हापासून काही जण म्हणतात, शेतीवर टॅक्स नाही, म्हणजे आपल्यालाही नाही, रिटर्नही नको. तसं नाही. तो निर्णय राज्याचा आहे, वीज, कर्ज, विमा अशा सवलतींसाठी. इन्कम टॅक्स केंद्राचा. त्या कायद्यात समुद्रातून धरलेली मासळी ही शेतीची उपज नाही, तो धंदाच आहे. तसंच संस्थेला मिळणारी वजावट वेगळी. मच्छीमार सहकारी संस्थेच्या मासेमारी आणि मासळी विक्रीच्या नफ्याला कलम ८०-पी आहे, ते संस्थेसाठी. त्यातून सभासदाच्या बोटीचा नफा माफ होत नाही.

आता ज्यांनी मेडिक्लेम घेतलाच नाही, किंवा या वयात कुणी देत नाही, त्यांच्याबद्दल. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत, यादीतल्या आजारांसाठी आणि यादीतल्या हॉस्पिटलात. ७० च्या पुढच्या प्रत्येकाला आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, त्यातही ५ लाख, आणि उत्पन्न कितीही असो. आयुष्मानचं कार्ड राज्याबाहेरही चालतं. ज्यांची मुलं तारनाक्यासारख्या दूरच्या गावी आहेत आणि आजारपणात म्हातारा-म्हातारीला तिकडे नेतात, त्यांनी हे कार्ड आधी काढून ठेवा. हॉस्पिटलच्या दारात उभं राहून कार्ड काढायची वेळ येऊ देऊ नका.

या योजनांचा हप्ता आपण भरत नाही, म्हणून वजावटही नाही. पण जुन्या पद्धतीत असलेल्यांसाठी एक गोष्ट कामाची आहे: ६० वर्षांवरच्या ज्या माणसाच्या आरोग्य विम्यासाठी काही रक्कम भरलेली नाही, त्याच्या औषधपाण्याचा खर्चही ५०,००० पर्यंत वजा होतो. डॉक्टरची फी, गोळ्या, तपासण्या, सगळं. अट तीच, पैसे रोख दिलेले नसावेत आणि बिलं जपलेली असावीत. शुगर-बीपीच्या गोळ्यांची महिन्याची बिलं आपण पिशवीबरोबर टाकून देतो, ती डब्यात ठेवा.

अपघाताचं वेगळं कवच आहे आणि तो धागाही हैदराबादला जातो. राष्ट्रीय मात्स्यिकी विकास मंडळाचं मुख्य कार्यालय तिथेच आहे, माशाच्या आकाराची ती इमारत तुम्ही फोटोत पाहिली असेल. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतला गट अपघात विमा या मंडळामार्फत चालतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, अपघातात हॉस्पिटलचा खर्च २५,००० पर्यंत. वय १८ ते ७०. हप्ता सरकार भरतं, मच्छीमाराला काही द्यावं लागत नाही. पण नाव नोंदलेलं असायला हवं. मालकाचं असतं, खलाशाचं राहतं, आणि नेमका रोप तुटून लागतो तो खलाशाला. हा अपघाताचा विमा आहे हेही लक्षात घ्या. हार्ट अटॅक, डेंग्यू, किडनी यात बसत नाही. त्याला मेडिक्लेम किंवा वरच्या योजना.

मेडिक्लेम घेतलाच तर विमा नियामकानं, त्याचंही मुख्यालय हैदराबादलाच आहे, घालून दिलेल्या काही गोष्टी माहीत असू द्या. आधीपासूनचा आजार लिहून दिला तर त्यासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबायला लावता येतं, त्याहून जास्त नाही. सलग ५ वर्षं पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय "आजार लपवला" म्हणून क्लेम नाकारता येत नाही. ६० वर्षांवरच्यांचा हप्ता नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत न पटल्यास परत करता येते. यातलं पहिलं सर्वात महत्त्वाचं. फॉर्म भरताना एजंट म्हणतो, "शुगर लिहू नका, हप्ता वाढेल." लिहा. तारनाक्याच्या मुलाच्या बाबांच्या फॉर्ममध्ये शुगर लिहायची राहिली होती. एजंटनं फॉर्म भरला, बाबांनी सही केली. मुलानं आता स्वतः कंपनीला लेखी कळवलं आहे. हप्ता थोडा वाढेल, तीन वर्षं थांबावंही लागेल. आयसीयूच्या बाहेर हा वाद घालण्यापेक्षा आता घातलेला परवडला.

पॉलिसीत आणखी एक ओळ वाचा: गावात घेतलेल्या काही पॉलिसींत मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात उपचार घेतले तर बिलाचा काही टक्के वाटा आपल्याला भरावा लागतो. मूल शहरात असेल तर ही ओळ आधी बघा, हप्ता नंतर.

१ एप्रिल २०२६ पासून नवा इन्कम टॅक्स कायदा लागू होतोय. त्यात ८०-डी चा नंबर बदलून कलम १२६ होईल. नंबर बदलला म्हणून कुणी "नवी स्कीम आलीय" सांगून पैसे मागितले तर देऊ नका. २०२५-२६ चं रिटर्न जुन्या कायद्यानुसारच भरायचं आहे.

त्या मुलाचं काय ठरलं? तो नव्या पद्धतीतच राहिला. ८०-डी ची वजावट त्यानं सोडली. आई-बाबांचा हप्ता मात्र परवाच ऑफिसातल्या बाकावर बसून स्वतःच्या खात्यातून भरला, पावती बाबांच्या व्हॉट्सअॅपवर टाकली आणि रात्रीच्या गाडीनं हैदराबादला गेला.

ज्यांना आपला हिशेब करून बघायचा आहे त्यांनी मागच्या दोन वर्षांच्या रिटर्नची प्रत, मेडिक्लेमची पॉलिसी, हप्ता ज्या खात्यातून गेला त्याचं पासबुक आणि बोटीच्या जमाखर्चाची वही घेऊन संस्थेच्या ऑफिसात यावं. संध्याकाळी लिलाव आटोपल्यावर आम्ही असतो. खलाशांची गट अपघात विम्यातली नावं तपासायची असतील तर त्यांची आधार कार्डंही आणा.